परकी हस्तक्षेप आणि आजची वैरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराण, रशिया, क्युबा किंवा श्रीलंकेची मोठी बातमी आली की कोल्हापुरातल्या आमच्या इतिहास अभ्यासवर्गात ठरावीक प्रश्न हमखास येतात. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात, निवृत्त फौजी असतात, शिरोलीत फौंड्री चालवणारेही असतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. एका देशाने दुसऱ्या देशात केलेला हस्तक्षेप बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा काही वर्षांत उरकतो. त्यातून उठलेलं वैर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं की विरतं, हे पुढच्या गोष्टींवर ठरतं. ज्याने केलं त्याने ते कबूल केलं का? बाहेरून बसवलेली माणसं किती वर्षं खुर्चीवर राहिली? आणि घरच्या सत्ताधाऱ्यांना ती जखम उघडी ठेवण्यात किती फायदा दिसला?

इराणमध्ये अमेरिकेविषयी इतका राग कशामुळे?

सुरुवात तेलापासून करावी लागते. १९०१ मध्ये इराणच्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रजी भांडवलदाराला तेल काढण्याचा ठेका दिला. त्यात इराणचा वाटा होता निव्वळ नफ्याच्या १६ टक्के. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे बहुसंख्य भाग स्वतःच विकत घेतले. पुढे अशी वेळ आली की इराणी तेलावर इराणला मिळणाऱ्या रकमेपेक्षा ब्रिटिश खजिन्याला करातून मिळणारी रक्कम मोठी होती. शेजारी सौदी अरेबियाला अमेरिकी कंपन्यांनी १९५० च्या अखेरीस निम्मा वाटा दिला, तेव्हा इराणी लोकांचा संयम सुटला.

१९५१ मध्ये इराणच्या संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि मोहम्मद मोसादेक पंतप्रधान झाले. ब्रिटनने इराणी तेलाची जागतिक बाजारात नाकेबंदी केली. तेवढ्याने भागेना, तेव्हा अमेरिकेला सोबत घेऊन सरकारच उलथवण्याचा बेत आखला गेला. ऑगस्ट १९५३ मध्ये तो अमलात आला. वर्तमानपत्रांत पैसे देऊन मजकूर छापला गेला, रस्त्यावर भाडोत्री जमाव उतरवला गेला, लष्करी अधिकारी फोडले गेले. पहिला प्रयत्न फसला आणि शहा आधी बगदादला, तिथून रोमला पळाला. १९ ऑगस्टला दुसरा प्रयत्न साधला आणि शहा परत आणला गेला. मोसादेकांना तीन वर्षांची कैद झाली. त्यानंतर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपल्या गावच्या घरात नजरकैदेत राहिले. १९५४ मध्ये तेलाचा नवा करार झाला, त्यात अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के हिस्सा मिळाला.

नुसतं सरकार पडलं असतं तर कदाचित लोक विसरले असते. पण त्यानंतर शहाने पंचवीस वर्षं राज्य केलं, आणि १९५७ मध्ये उभी राहिलेली सावाक ही त्याची गुप्त पोलीस यंत्रणा अमेरिकेच्या मदतीने तयार झाली होती. ज्यांची मुलं तिच्या कोठडीत गेली, त्यांच्यासाठी १९५३ हे साल इतिहासात जमा झालंच नाही.

हे १९५३ चं. मग अमेरिकी दूतावासावर कब्जा थेट १९७९ मध्ये का?

हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण जुना हस्तक्षेप आजच्या निर्णयात कसा शिरतो ते इथे स्वच्छ दिसतं. जानेवारी १९७९ मध्ये क्रांतीच्या लाटेत शहा पुन्हा एकदा देश सोडून गेला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्याला कर्करोगाच्या उपचारासाठी देशात येऊ दिलं. वॉशिंग्टनच्या दृष्टीने तो आजारी जुन्या मित्राला दिलेला आसरा होता. तेहरानच्या विद्यार्थ्यांना मात्र त्यात १९५३ ची पुनरावृत्ती दिसली. शहा तेव्हाही पळाला होता आणि अमेरिकेनेच त्याला परत आणून बसवलं होतं, त्या कटाची सूत्रंही याच दूतावासातून हलली होती. म्हणून ४ नोव्हेंबरला ते दूतावासात घुसले. ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस राहिले.

ओलिसांचा त्यात काय दोष होता? काहीच नाही. त्यांना डोळे बांधून कॅमेऱ्यापुढे उभं केलेलं सगळ्या अमेरिकेने रोज टीव्हीवर पाहिलं आणि तिथेही एक जखम तयार झाली. अमेरिकेत ही गोष्ट १९७९ पासून सांगितली जाते, इराणमध्ये १९५३ पासून. दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की सुरुवात समोरच्याने केली. १९८० मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध त्यानंतर पुन्हा जोडले गेले नाहीत.

पुढची भर त्याच थरावर पडत गेली. ३ जुलै १९८८ ला अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. पुढे नुकसानभरपाई दिली, पण कायदेशीर जबाबदारी स्वीकारली नाही. २०१५ चा अणुकरार अमेरिकेने २०१८ मध्ये सोडला. जून २०२५ मध्ये आधी इस्राएलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. यातल्या प्रत्येक घटनेची कारणं वेगळी आहेत, तरी सामान्य इराणी माणूस त्या एका माळेत ओवतो.

म्हणजे इराणचे आजचे राज्यकर्ते मोसादेकांचे वारसदार आहेत?

मुळीच नाहीत. मोसादेक कायद्याचं राज्य मानणारे, धर्मगुरूंच्या हाती सत्ता देण्याच्या विरोधातले होते. अयातुल्ला काशानी हे त्या काळचे बडे धर्मगुरू आधी त्यांच्या बाजूने होते, १९५३ पर्यंत त्यांच्या विरोधात गेले. क्रांतीनंतर तेहरानच्या मुख्य रस्त्याला पहलवी घराण्याऐवजी मोसादेकांचं नाव दिलं गेलं, पण थोड्याच काळात तेही काढून धार्मिक नाव दिलं. म्हणजे १९५३ चा कट भाषणांत हवा आहे, पण ज्या माणसाविरुद्ध तो झाला त्याचं राजकारण नको आहे. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो. परक्यांनी एक लोकनियुक्त सरकार पाडलं हे सत्य आहे, आणि त्याच सत्याच्या आडून आज विरोधकांना परक्यांचे हस्तक ठरवून तुरुंगात टाकलं जातं हेही सत्य आहे. पहिल्याने दुसरं माफ होत नाही.

वळिवड्याच्या पोलिश छावणीचा या विषयाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो, वळिवड्याची छावणी होती ती तिथेच. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले, त्याआधी १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतांश बायका आणि मुलं. ती माणसं पंचगंगेच्या काठी कशी आली?

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत आल्या. पूर्व पोलंडमधली काही लाख माणसं मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली गेली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चढाई केल्यावर स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि या लोकांपैकी काहींना बाहेर पडू दिलं गेलं. १९४२ मध्ये ते कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये उतरले. तिथून कराचीमार्गे काही जण कोल्हापूरला आले. जामनगरजवळ बालाचडीलाही मुलांची छावणी होती.

आता बघा, त्यांना जिथे आसरा मिळाला तो इराणही त्या वेळी स्वतंत्र नव्हता. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि रशियाने मिळून तो ताब्यात घेतला होता आणि रेझा शहाला गादी सोडायला लावली होती. त्याला घेऊन निघालेलं जहाज मुंबईच्या बंदरात थांबलं, पण इंग्रजांनी त्याला उतरू दिलं नाही. मॉरिशसला आणि नंतर जोहान्सबर्गला नेलं, तिथेच १९४४ मध्ये तो वारला. गादीवर त्याचा मुलगा बसवला. १९५३ मध्ये पळालेला शहा तो हाच. एका देशावरच्या आक्रमणातून सुटलेली माणसं दुसऱ्या आक्रमित देशातून चालत आपल्या दारी आली होती.

पोलंडला आजही रशियाची एवढी धास्ती का?

वळिवड्याची छावणी उभी राहत होती त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडली. १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, शिक्षक मारले होते. पोलंडच्या निर्वासित सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टालिनने संबंधच तोडले. मॉस्कोने दोष जर्मनांवर टाकला आणि १९९० पर्यंत तेच सांगत राहिलं. पोलंडमध्ये तेव्हा रशियाच्या कलाने चालणारं सरकार होतं, त्यामुळे विधवांना नवऱ्याच्या मृत्यूचं खरं साल उघडपणे सांगायचीही चोरी होती. पन्नास वर्षं ही गोष्ट घराघरात हलक्या आवाजात सांगितली गेली. अशी गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा खोल रुजते.

त्यात याल्टा परिषदेची भर पडली. फेब्रुवारी १९४५ मध्ये रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन या बड्या तिघांनी पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनला देऊन टाकला. वळिवड्यातल्या अनेकांचं गाव त्यामुळे पोलंडमध्ये उरलंच नाही, आणि छावणी बंद झाल्यावर बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेले. पुढे १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरलेले पोलंडने पाहिले, आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मॉस्कोच्या फौजांबरोबर पोलिश फौजेलाही जावं लागलं. म्हणून २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई झाली तेव्हा पोलिश लोकांनी सीमेवर जाऊन निर्वासितांना घरी नेलं, कोणी समजावून सांगायची वेळ आली नाही.

रशियाची काहीच बाजू नाही का?

आहे. १६१० ते १६१२ या काळात पोलिश फौज क्रेमलिनमध्ये ठाण मांडून होती. तिला हाकलल्याची आठवण म्हणून रशियात २००५ पासून ४ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी असते. नेपोलियन आला, हिटलर आला, आणि १९१८ नंतरच्या यादवीत ब्रिटिश, अमेरिकी, फ्रेंच, जपानी फौजाही उतरल्या. रशियाची वेढलं जाण्याची भीती हवेतली नाही. पण त्या भीतीची किंमत कीव्ह किंवा वॉर्साच्या लोकांनी का मोजायची, याचं उत्तर त्या इतिहासातून मिळत नाही.

आपले लोक कधी अशा हस्तक्षेपात सामील होते का?

होते, आणि हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या फौजेत मराठा जवान होते. १९२० मध्ये इराकी लोक ब्रिटिशांविरुद्ध उठले, तो उठाव मोडायलाही भारतीय पलटणी वापरल्या गेल्या. आणि वर सांगितलेला १९४१ चा इराणवरचा हल्ला? दक्षिणेकडून अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर आणि पश्चिमेकडून केर्मानशाहच्या दिशेने जे चालून गेले त्यांत आठवी आणि दहावी भारतीय डिव्हिजन होती.

आपल्या भागातल्या गावोगावच्या घरांत पणजोबांची पदकं जपून ठेवलेली असतात. त्या माणसांचं शौर्य खरं होतं. हुकूम कोणाचा होता आणि कशासाठी होता, हेही मुलांना सांगायला हवं. दोन्ही सांगितल्याने पणजोबांचा मान कमी होत नाही.

इंग्रजांनी कोल्हापूरचंही कमी वाईट केलं नाही. मग आपलं ब्रिटनशी वैर का नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. कंपनीने लादलेल्या कारभाराविरुद्ध १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीने, उठाव केला, तो तोफांनी मोडला. १८५७ च्या उठावानंतर कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं, १८६९ मध्ये ते तिथेच वारले. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडं ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, आणि १८८३ मध्ये त्यांच्यावर पहारा करणाऱ्या गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. या आठवणी कोल्हापुरात अजून ओल्या आहेत.

तरी वैर नाही, याची मला तीन-चार कारणं दिसतात. इंग्रज १९४७ मध्ये गेले ते गेलेच. दिल्लीत स्वतःचं बाहुलं बसवून मागून तीस वर्षं सूत्रं हलवली असती, तर आजचं चित्र वेगळं असतं. सत्ता ज्यांच्या हाती आली ते लोकांचेच नेते होते, त्यामुळे हिशेब आपल्या हाताने पुरा झाल्याचं समाधान मिळालं. ब्रिटन नंतर इतका दुबळा झाला की त्याची भीती उरली नाही, आणि वैराला भीती लागते. शिवाय नातं फक्त अपमानाचं नव्हतं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, तेव्हा काही अडथळे इंग्रजांपेक्षा घरचेच मोठे होते. एक कडू कारणही आहे. फाळणीने आपला सगळा राग पाकिस्तानकडे वळवला, आणि रेषा आखणारा बाजूला राहिला.

व्हिएतनामने अमेरिकेला माफ केलं, मग इतरांना का जमत नाही?

माफ केलं असं मी म्हणणार नाही. व्हिएतनामने युद्ध जिंकलं होतं, त्यामुळे त्याला काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं. आणि १९७९ मध्ये चीनने उत्तर सीमेवर हल्ला केला, जवळचा शेजारी लांबच्या शत्रूपेक्षा जड वाटू लागला. १९९५ मध्ये अमेरिकेशी संबंध पूर्ववत झाले. जमिनीत पुरलेले न फुटलेले बॉम्ब आणि रासायनिक फवारणीने अधू झालेली मुलं मात्र अजून आहेत.

क्युबाचं काय?

थोडक्यात. १९५३ चं इराण सोपं गेल्यामुळे १९५४ मध्ये अमेरिकेने ग्वाटेमालाचं निवडून आलेलं सरकार तशाच रीतीने पाडलं. त्या वेळी ग्वाटेमालात चे गव्हेरा नावाचा एक तरुण अर्जेंटिनी डॉक्टर होता. जुनं सैन्य तसंच ठेवलं की तेच उलटतं, असा धडा त्याने घेतला आणि पुढे फिडेल कॅस्ट्रोंसोबत क्युबात क्रांती केल्यावर तो पाळला. म्हणून १९६१ मध्ये क्युबात तोच डाव टाकला तेव्हा तो तीन दिवसांत फसला. १९६२ पासूनची व्यापारबंदी अजून चालू आहे. ग्वाटेमालात ३६ वर्षं यादवी चालली.

भारताकडे शेजारी याच नजरेने पाहतात का?

काही वेळा पाहतात, आणि ते ऐकून घेण्याची आपल्याला सवय नाही. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली, मार्च १९९० मध्ये परतली. आपले हजाराहून जास्त जवान तिथे पडले. तमिळांना संरक्षण द्यायला गेलो आणि तमिळ बंडखोरांशीच लढलो, तर सिंहली लोकांना ती परकी फौज वाटली. कराराच्या दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून वार केला, तो सिंहली होता. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदुरला त्यांचा जीव घेतला तो तमिळ वाघांनी. इतक्या प्रामाणिकपणे लढलेल्या जवानांना दोन्ही बाजूंकडून तिरस्कार मिळाला, याचं दुःख फौजी घरांत आजही आहे.

पण याच उदाहरणात आशाही आहे. जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाने तेव्हा भारतविरोधावर रक्तरंजित बंड उभारलं होतं. त्याच पक्षाचे अनुरा कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीला आले. २०२२ च्या आर्थिक संकटात भारताने केलेली मदत लोकांनी पाहिली होती.

नेपाळबाबत उलटं घडलं. सप्टेंबर २०१५ पासून काही महिने सीमेवरून इंधन, औषधं जाईनात. नेपाळच्या दक्षिण सपाटीवरच्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे माल अडला असं दिल्लीचं म्हणणं होतं, तर भूकंपातून नुकत्याच सावरणाऱ्या नेपाळने त्याला नाकेबंदी म्हटलं. लगेच २०१६ मध्ये काठमांडूने चीनशी वाहतुकीचा करार केला.

चूक कबूल करून काही फरक पडतो का?

वेळेवर आणि स्वच्छ केली तर पडतो. डिसेंबर १९७० मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. पोलंड आणि जर्मनी आज एकाच युरोपीय संघात राहतात. जर्मनीने केलेला संहार रशियापेक्षा मोठा होता, तरी पोलंडची आजची भीती पूर्वेकडे आहे. कबुली आणि नकार यांतला फरक याहून ठळक मला कुठे दिसत नाही. मॉस्कोने १९९० मध्ये कातिन मान्य केलं, पण अर्धं शतक उशिरा, आणि कागदपत्रं हप्त्याहप्त्याने दिली.

अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी २००० मध्ये १९५३ च्या कटातला वाटा जाहीरपणे मान्य केला. तेव्हा निर्बंध चालूच होते, आणि तेहरानने त्या कबुलीला किंमत दिली नाही. तोंडाने चूक मान्य करायची आणि हाताने तेच करत राहायचं, याला कोणीही कबुली समजत नाही.

कोल्हापुरातल्या माणसाने या लांबच्या भांडणांची फिकीर का करावी?

आखाती तेल ज्या वाटेने बाहेर पडतं त्या इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की डिझेल आणि गॅसपासून फौंड्रीच्या निर्यातीच्या भाड्यापर्यंत सगळं हलतं. पण मला त्यापेक्षा मोठं कारण हे वाटतं की आपल्या घरातली मुलं फौजेत जातात, आणि उद्या त्यांना कुठे पाठवायचं हे मतदार म्हणून आपणही ठरवतो.

मुलांना हा विषय शिकवायला कुठून सुरुवात करू?

वळिवड्यापासून करा. महावीर गार्डनमधलं पोलिश स्मारक दाखवा, गांधीनगरात फिरवा, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं हे सांगा. मग नकाशा पसरून ती माणसं कोणत्या वाटेने आली ते बोटाने दाखवायला लावा: पूर्व पोलंड, सायबेरिया, कॅस्पियन, इराण, कराची, कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे त्या वेळी राज्य कोणाचं होतं आणि इथल्या लोकांना ते हवं होतं का. आठवीच्या मुलांना हे सहज जमतं. गडकऱ्यांचा उठाव त्यानंतर घ्या, म्हणजे आपल्याच तालुक्यातला किल्ला आणि अबादानचा कारखाना ती एका दमात समजून घेतात.